'मेक हेडवे' : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थविचार

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना 'प्रगती' या एका शब्दावर जितका भार पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर पडत असेल. 'मेक प्रोग्रेस', 'मेक हेडवे', 'गेन ग्राउंड', 'गेट अहेड', 'फोर्ज अहेड' या सर्वांसमोर आपण 'प्रगती करणे' असे लिहितो आणि निश्चिंत मनाने पुढील वाक्याकडे वळतो. या वाक्प्रचारांत काहीच भेद नसता, तर इंग्रजी भाषेने ते सारे शतकानुशतके सांभाळून ठेवले नसते. परंतु भेद आहे एवढे म्हणून भागत नाही. तो कोणत्या स्वरूपाचा आहे आणि तो दृष्टीआड झाल्यास नेमके काय हरवते, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात 'मेक हेडवे' या वाक्प्रचाराचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

विषयाचे व्यावहारिक महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन पक्षांमधील बोलण्यांविषयी इंग्रजी वृत्तपत्रात पुढील धर्तीचे वाक्य नेहमी आढळते : 'द टॉक्स आर अंडर वे, बट हॅव मेड लिट्ल हेडवे.' याचे 'वाटाघाटी सुरू असून त्यांत थोडी प्रगती झाली आहे' असे भाषांतर केल्यास शब्दाला शब्द मिळतो, पण वार्ता उलटी होते. मूळ वाक्य निराशेचे आहे, भाषांतर आशेचे. ही उलथापालथ कशी घडते, हे समजण्यासाठी प्रथम शब्दाच्या घडणीकडे गेले पाहिजे.

१. शब्दाची घडण आणि मूळ क्षेत्र

'हेडवे' हा 'हेड' म्हणजे शिर आणि 'वे' म्हणजे वाट या दोन पदांचा समास आहे. जुन्या इंग्रजीत या घडणीच्या शब्दाचा अर्थ 'मुख्य रस्ता' असा होता. आज आपल्याला परिचित असलेला अर्थ मात्र त्या रस्त्यावरून आलेला नाही, तो समुद्रावरून आला आहे. अठराव्या शतकापासून हा शब्द नौकेच्या पुढे जाण्याच्या गतीसाठी योजलेला आढळतो. येथे 'हेड' म्हणजे नौकेचे तोंड, कोकणातील नावाडी ज्या भागास 'नाळ' म्हणतात त्या बाजूची दिशा. 'वे' या पदाचा अर्थही खलाशांच्या बोलीत नुसती वाट असा नाही. पाण्यातून चालणाऱ्या नौकेच्या अंगी असलेली गती म्हणजे 'वे'.

या 'वे'चे एक लहानसे कुटुंबच आहे. नौका तोंडाच्या दिशेने पुढे जाते तो 'हेडवे'. ती पिछाडीच्या दिशेने मागे हटू लागते तो 'स्टर्नवे'. वाऱ्याच्या दाबाने ती आपल्या मार्गापासून आडवी, वारा जिकडे वाहतो त्या बाजूस ढकलली जाते तो 'लीवे'. आणि सुकाणूचा अंमल चालण्यापुरती जी किमान गती लागते तिला 'स्टिअरेजवे' म्हणतात. पाण्याच्या सापेक्ष गती नसेल तर सुकाणू कितीही फिरवले तरी ते निष्फळ ठरते. हे चार शब्द एकत्र ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, पुढे जाणे ही शिडाच्या नौकेच्या बाबतीत गृहीत धरण्याजोगी गोष्ट नव्हतीच. मागे जाणे, आडवे वाहणे आणि जागीच डुलत राहणे या शक्यता तितक्याच खऱ्या होत्या. 'हेडवे' हा त्या शक्यतांच्या विरोधात उभा असलेला शब्द आहे.

थोडे गणित केल्यास हा मुद्दा अधिक ठसेल. खलाशी क्षितिजाच्या वर्तुळाचे ३२ भाग कल्पितात. असा प्रत्येक भाग ११¼ अंशांचा असतो आणि त्यास 'पॉइंट' अशी संज्ञा आहे. आडव्या डोलांवर चौकोनी शिडे बांधलेल्या जुन्या जहाजास समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या रोखाने थेट जाता येत नसे. वाऱ्याच्या दिशेशी साधारणपणे सहा पॉइंट, म्हणजे ६७½ अंशांचा कोन ठेवून, एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे अशी नागमोडी चाल त्यास करावी लागे. या हिशेबाने वाऱ्याच्या रोखाने १ मैल पुढे सरकण्यासाठी सुमारे २.६ मैल समुद्र तुडवावा लागतो. हे झाले जहाज मुळीच आडवे वाहत नाही असे धरून. ते एकच पॉइंट आडवे वाहू लागले, तर त्याच १ मैलासाठी ५ मैलांहून अधिक प्रवास करावा लागतो. दोन पॉइंट वाहू लागले, तर कोन ९० अंशांचा होतो आणि जहाज दिवसभर पाणी कापीत राहिले तरी वाऱ्याच्या दिशेने ते एक पाऊलही पुढे गेलेले नसते.

ओहोटी-भरतीच्या प्रवाहाचीही हीच कथा. ताशी ४ सागरी मैल वेगाने चालणारे जहाज तितक्याच वेगाच्या उलट्या प्रवाहात सापडले, तर वेगमापकाची दोरी ४ मैल दाखवीत राहते आणि किनाऱ्यावरचे झाड मात्र जिथल्या तिथे दिसते. श्रम पूर्ण, गती पूर्ण, पण फळ शून्य, हा अनुभव ज्या भाषिकांच्या नित्याच्या व्यवहारात होता, त्यांनी पुढे सरकण्याच्या क्रियेसाठी एक वेगळा शब्द राखून ठेवला यात नवल नाही.

२. व्युत्पत्ती आणि रूढी

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. आज 'मेक हेडवे' म्हणणाऱ्या इंग्रज कारकुनाच्या वा शिक्षिकेच्या मनात जहाज नसते. मग जहाजाच्या या वर्णनाचा अर्थनिर्णयाशी संबंध काय?

हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला. व्युत्पत्तीने कुशल म्हणजे कुश नावाचे गवत आणणारा. रूढीने तो 'निपुण' या अर्थी वापरला जातो, म्हणून तेथे लक्षणा मानावी असे मम्मटाचे मत. चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने या मताचे खंडन केले. शब्द कोणत्या निमित्ताने घडला हे एक, आणि तो कोणत्या निमित्ताने वापरला जातो हे दुसरे, असा भेद त्याने केला. 'गो' हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून आला म्हणून निजलेल्या गाईस 'गो' म्हणताना आपण लक्षणेचा आश्रय करतो असे कोणी म्हणत नाही. तद्वत 'कुशल' शब्दाचा 'निपुण' हाच मुख्य अर्थ होय.

विश्वनाथाचा हा भेद 'हेडवे'स लावला असता निष्कर्ष असा निघतो : आजच्या वक्त्याच्या दृष्टीने या शब्दाचा मुख्य अर्थ 'जहाजाची अग्रगती' हा नव्हे. तेवढ्यापुरता आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु त्यावरून जहाजाचा काहीच अवशेष उरला नाही असे मात्र ठरत नाही. शब्दातील चित्र पुसले जाते, पण त्या चित्रातील संबंधांची रचना पुष्कळदा प्रयोगाच्या बंधनांत टिकून राहते. समुद्र गेला, वारा गेला, पण 'काहीतरी विरुद्ध दिशेने लोटत आहे' हा भाव राहिला. तो राहिला आहे हे व्युत्पत्तीवरून सिद्ध करता येणार नाही. त्यासाठी आजच्या प्रयोगाकडेच वळले पाहिजे.

३. प्रयोगाची बंधने

प्रथम व्याकरण. 'हेडवे' हे नाम इंग्रजीत अगणनीय आहे. त्यास 'अ' हे उपपद लागत नाही आणि त्याचे अनेकवचन होत नाही. त्याच्या जोडीला येणारी क्रियापदे थोडी आहेत. 'मेक' हे प्रमुख, त्याखालोखाल 'गेन'. 'डू' किंवा 'टेक' यांच्याशी त्याची संगत जमत नाही. मराठी विद्यार्थी घाईत 'मेक वे' असे लिहितात, ते वेगळे प्रकरण आहे. 'मेक वे फॉर समवन' म्हणजे दुसऱ्यास वाट करून देणे, बाजूला होणे. एका पदाच्या अंतराने अर्थ जवळजवळ विरुद्ध होतो.

विशेषणे पाहिली तर परिमाणवाचकांचेच प्राबल्य दिसते : 'सम', 'मच', 'लिट्ल', 'नो', 'कन्सिडरेबल'. त्यांतही अल्पतेची व अभावाची विशेषणे या नामाशी विशेष सलगीने नांदतात. 'मच' हे बहुधा नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांतच येते. येथे वर उल्लेखिलेल्या वाक्यातील मेख सापडते. इंग्रजीत 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल' यांत महदंतर आहे. 'अ लिट्ल' म्हणजे थोडेसे, पण निश्चित. नुसते 'लिट्ल' म्हणजे जवळजवळ नाहीच. मराठीतील 'थोडी' हा शब्द हे अंतर दाखवीत नाही. आपण ते 'थोडीफार आहे' आणि 'फारशी नाही' अशा वाक्यरचनेने दाखवतो. म्हणून 'लिट्ल हेडवे'चे भाषांतर विशेषण बदलून साधत नाही. सबंध वाक्यच नकारार्थी करावे लागते.

शब्दयोगी योजनाही बोलकी आहे. 'विथ' येतो तेव्हा कामाचा निर्देश होतो, 'इन' येतो तेव्हा क्षेत्राचा, 'टुवर्ड्स' येतो तेव्हा ध्येयाचा. परंतु 'अगेन्स्ट' हा शब्द येतो तेव्हा वाक्प्रचाराचे अंतरंग उघड होते. 'द फायरमेन मेड सम हेडवे अगेन्स्ट द ब्लेझ' : बंबवाल्यांनी आगीस थोडेसे मागे रेटले. याच जागी 'प्रोग्रेस' घालता येतो, पण त्यास 'अगेन्स्ट' स्वाभाविकपणे मागावा लागत नाही. 'हेडवे'स तो जणू जन्मतः चिकटलेला आहे. गंमत अशी की, पारडे उलटही फिरते. 'द फायर हॅड गेन्ड कन्सिडरेबल हेडवे' असाही प्रयोग रूढ आहे. तेथे पुढे सरकणारी आग आहे आणि तिला अडवणारी माणसे. कोण पुढे जातो हे वाक्प्रचार सांगत नाही. दोन बले समोरासमोर आहेत, एवढे मात्र तो नेहमी सांगतो.

आता अर्थाची कसोटी. शाळेतील मुलाविषयी 'ही इज मेकिंग गुड प्रोग्रेस इन ॲरिथ्मेटिक' असे लिहिले, तर मुलगा अंकगणितात चांगला पुढे जात आहे एवढाच बोध होतो. तेथे 'ही इज मेकिंग सम हेडवे' असे लिहिल्यास पालकांस आणखी एक गोष्ट न सांगता कळते : हा विषय त्यास जड जात होता. पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५० नंतरच्या लेखनातून ज्या संकल्पनेची चर्चा केली, ते 'पूर्वगृहीत' येथे दिसते. पूर्वगृहीताची ओळख अशी की, वाक्य होकारार्थी असो, नकारार्थी असो वा प्रश्नार्थक असो, ते अबाधित राहते. 'पोलिसांनी तपासात हेडवे केला', 'केला नाही', 'केला काय?' या तिन्ही वाक्यांत तपास अवघड आहे हे गृहीतच आहे. नकाराने पुढे जाणे नाहीसे होते, अडथळा नाहीसा होत नाही. समुद्राचा अवशेष तो हाच.

आणखी एक विशेष. 'हेडवे' शेवटास पोचल्याचे कधीच सांगत नाही. त्यात मार्ग आहे, मुक्काम नाही. म्हणूनच 'तीन तासांत हेडवे पूर्ण केला' अशा अर्थाची रचना इंग्रजीत अशक्य आहे. जो 'हेडवे' करतो तो अद्याप वाटेतच असतो, आणि वारा अद्याप समोरूनच वाहत असतो.

अपवाद म्हणून एका पारिभाषिक अर्थाची नोंद करावी. रेल्वे व बस यांच्या वाहतूकशास्त्रात एकामागून एक धावणाऱ्या दोन गाड्यांमधील अंतरास, विशेषतः कालांतरास, 'हेडवे' म्हणतात. तेथे विरोधाची छटा नाही आणि 'मेक' हे क्रियापदही नाही. संदर्भ पाहिल्यास घोटाळा होण्याचे कारण नाही.

४. सगोत्र आणि शेजारी वाक्प्रचार

'अंडर वे' हा त्याच नौकाकुटुंबातील प्रयोग डच भाषेतून इंग्रजीत आला. सागरी टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत याची काटेकोर व्याख्या आहे. जी नौका नांगरलेली नाही, किनाऱ्याशी बांधलेली नाही आणि जमिनीत रुतलेली नाही, ती 'अंडर वे' होय. ती प्रत्यक्ष हलत असलीच पाहिजे असे नाही. पाण्यातून चालत असेल तर तिला 'मेकिंग वे' अशी वेगळी संज्ञा आहे. हा भेद केवळ कागदी नव्हे. धुक्यात किंवा अन्य कारणाने दिसेनासे झाले असता, चालत असलेली यांत्रिक नौका जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा देते. 'अंडर वे' असूनही थांबलेली नौका दोन लांब भोंगे देते. समोरच्या जहाजाच्या कप्तानास हा भेद कानाने ओळखावा लागतो.

लाक्षणिक प्रयोगातही हीच रेषा जशीच्या तशी उतरली आहे. 'टॉक्स आर अंडर वे' म्हणजे बोलणी चालू आहेत. ती पुढे सरकत आहेत असा त्याचा अर्थ नाही. म्हणूनच 'अंडर वे, बट नो हेडवे' असे म्हणण्यात विसंगती नाही. नांगर उचलला आहे, पण जहाज जागीच आहे.

'लीवे'चा प्रवास अधिक वळणाचा. आडवे वाहून जाणे या अर्थावरून ब्रिटिश इंग्रजीत 'मेक अप लीवे', म्हणजे पडलेली पिछाडी भरून काढणे, हा प्रयोग झाला. दुसरीकडे 'लीवे' म्हणजे मोकळीक, सूट, असा अर्थही रूढ झाला आणि आज तोच अधिक प्रचारात आहे. जहाज किती वाहील याचा अंदाज घेऊन खडकापासून तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. दोषासाठी ठेवलेली ही जागाच पुढे सवलतीचे नाव झाली असावी, असे अर्थांच्या जुळणीवरून दिसते. 'फोर्ज अहेड' हाही खलाशांच्याच बोलीतला, पण त्यात जोर व सातत्य मुख्य आहे.

समुद्राबाहेरील शेजारी थोडक्यात पाहू. 'गेन ग्राउंड' हा रणभूमीवरील प्रयोग आहे. तेथे जे मिळते ते दुसऱ्याकडून हिरावलेले असते. 'मेक स्ट्राइड्स'मध्ये ढांगा मोठ्या असतात, म्हणून 'लिट्ल' त्याच्याशी जमत नाही. 'गेट अहेड'मध्ये तुलना इतर माणसांशी असते, आणि म्हणून त्यास किंचित स्वार्थाचा वासही येतो. 'कम अ लाँग वे' मागे वळून पाहतो, आरंभापासूनचे अंतर मोजतो. या सर्वांत पुढे जाणे समान आहे. कशाच्या तुलनेत पुढे, हे प्रत्येकाचे निराळे आहे. 'हेडवे'ची तुलना ना माणसांशी, ना आरंभाशी. ती विरोधी बलाशी आहे.

५. मराठी पर्यायांचा विचार

'प्रगती' या संस्कृत शब्दात पुढे जाणे आहे, विरोध नाही. त्यात उन्नतीची छटाही आहे. म्हणून तो 'प्रोग्रेस'ला बराचसा पुरतो, 'हेडवे'ला पुरत नाही. रोगाच्या संदर्भात तर तो धोकादायक ठरतो. 'डॉक्टर्स मेड सम हेडवे अगेन्स्ट द डिझीज' याचे 'रोगाच्या बाबतीत थोडी प्रगती झाली' असे केल्यास रोग वाढला की घटला, हेच कळेनासे होते. येथे 'रोग थोडाफार आटोक्यात येऊ लागला' हेच म्हटले पाहिजे.

मराठीच्या भांडारात जवळचे शब्द आहेत, पण ते बहुतेक रस्त्यावरचे आणि रणांगणावरचे आहेत. 'घोडदौड' वेगाची, म्हणून येथे वर्ज्य. 'आगेकूच' सैन्याची, तिच्यात आत्मविश्वास आहे. 'मजल मारणे' यात टप्पा पुरा झालेला असतो, म्हणून तो 'कम अ लाँग वे'च्या अधिक जवळ. 'वाट काढणे' यात अडथळा आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु वाट काढली म्हणजे मनुष्य पार झाला असे वाटते. 'वाट काढीत पुढे सरकणे' असे अपूर्ण रूप योजल्यास हा दोष जातो.

माझ्या मते सर्वांत जवळचा प्रयोग 'गाडे पुढे सरकणे' हा होय. चिखलात रुतलेल्या गाड्याचे चित्र समुद्रातील जहाजापेक्षा वेगळे असले, तरी संबंधांची रचना तीच आहे. ओझे, विरोध, रेटा आणि थोडेसे अंतर या चारही गोष्टी तेथे आहेत. शिवाय तोही 'हेडवे'प्रमाणे नकारात अधिक खुलतो : 'गाडे तसूभरही पुढे सरकले नाही.' तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. अल्पतेचे मापही भाषेने आपल्या घरचेच दिले आहे. या प्रयोगाची मर्यादा एवढीच की, मराठीत कर्ता गाडे असते, इंग्रजीत ओढणारा. जेथे माणसाच्या प्रयत्नावर भर आहे, तेथे 'नेटाने थोडे पुढे सरकणे' किंवा 'थोडेफार यश येऊ लागणे' अशी योजना करावी.

या विवेचनाच्या आधारे आरंभी दिलेल्या वाक्याचे भाषांतर असे होईल : 'वाटाघाटी चालू आहेत, परंतु गाडे फारसे पुढे सरकलेले नाही.' यात 'अंडर वे' आणि 'हेडवे' यांतील अंतर राखले गेले आहे, 'लिट्ल'चा नकार आला आहे आणि बोलण्यांच्या मार्गात काही रुतले आहे हेही वाचकास न सांगता उमगते.

एका वाक्प्रचारापुरता काढलेला हा निष्कर्ष व्यापक स्वरूपात असा मांडता येईल. वाक्प्रचाराचा अर्थ कोशात दिलेल्या प्रतिशब्दात संपत नाही. तो वाक्प्रचार कशास नकार देतो, कोणत्या शब्दांच्या संगतीत राहतो आणि न बोलता काय गृहीत धरतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून भाषांतरकाराने लेखणी उचलू नये. व्युत्पत्ती या शोधात वाट दाखवते, निर्णय मात्र प्रयोगच देतो. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या हाती इंग्रजी वाक्प्रचारांच्या ज्या याद्या दिल्या जातात, त्यांत प्रत्येक वाक्प्रचारासमोर एकेका प्रतिशब्दाऐवजी एक होकारार्थी व एक नकारार्थी वाक्य दिले, तरी पुष्कळसे काम साधेल.